भिंतीशी लागलेलं पोर

देगावच्या वाटेला सोलापुरातली घरं विरळ होत जातात आणि बाभळी वाढत जातात, त्या जागी मायाक्काचा गोठा होता. वर पत्रा, तीन बाजूंना मातीच्या भिंती, पुढं पोत्यांचा पडदा. खिडकी नव्हतीच. टळटळीत उन्हातून माणूस आत शिरला की आधी काहीच दिसायचं नाही. पेंडीचा, गुळाचा, लेंड्यांचा वास तेवढा नाकात जायचा आणि चावण्याचा आवाज यायचा. मग अंधारात हळूहळू डोळे उमटायचे. पिवळे, आडव्या बुबुळांचे, पापणी न हलवता बघणारे.

मायाक्का एडके भरायची, म्हणजे मेंढे चारून लठ्ठ करायची. जत्रेत बिरोबाला द्यायचा एडका लोक तिच्याकडं आणून बांधायचे. येताना जनावर असं असायचं की बरगड्या लांबून दिसाव्यात. जाताना त्याला दोघांनी ढकलत न्यावं लागायचं. तिची पद्धत सासूकडून आलेली. अंधारात आखूड दाव्यानं बांधायचं, चालू द्यायचं नाही. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, गूळ आणि वर हात सैल सोडून तेल. त्याचा मुठीएवढा गोळा करायचा, जबड्याच्या कडेला अंगठा घालायचा आणि गोळा आत सारायचा. सुरुवातीला जनावर थुंकतं. मग गिळायला लागतं. पुढं एक दिवस असा येतो की मायाक्कानं नुसता हात वर केला की तोंड आपोआप उघडतं. भूक असो वा नसो.

सासूनं आणखी एक रीत घालून दिली होती. ज्या हातानं भरवलं, त्या हाताच्या बाईनं ते जनावर कापताना बघायचं नाही आणि त्याचा तुकडा तोंडाला लावायचा नाही. त्यामुळं इतकी वर्षं एडके भरण्यात गेली तरी त्यांच्या पोटात काय असतं हे मायाक्कानं कधी पाहिलं नव्हतं. बाहेरून हात फिरवून कळायचं तेवढंच तिला कळायचं.

आणि एडका पुरा भरला हे कळायचं ते भिंतीवरून. कधीतरी एखादा एडका खाणं सोडायचा, वळून मागच्या भिंतीकडं तोंड करायचा आणि कपाळ भिंतीला टेकवून उभा राहायचा. हाक मारली तरी कान हलायचा नाही. तसाच उभा. मागं ओढला तर मागं यायचा, सोडला की पुन्हा कपाळ भिंतीला. तिथली माती घासून घासून गुळगुळीत झाली होती, तेलकट, काळपट. सासू म्हणायची, देवानं बघितला ह्याला. देवानं बघितलेला एडका मग आठवडाभरही ठेवायचा नाही, लगोलग न्यायला सांगायचं. ठेवला तर गोठ्यातच पाय घासून मरतो. असल्या एडक्यासाठी लोक किमतीला मागं-पुढं बघत नसत. मायाक्काच्या गोठ्यातला एडका भिंतीशी लागला, असं कुणी सांगितलं की मंगळवेढ्याकडून माणसं यायची.

तिला एकुलता एक पोरगा, हरिबा. एकुलता तो नंतर झाला. बाहत्तरच्या दुष्काळात ती सांगोल्याकडच्या वस्तीवर होती. नवरा आधीच गेलेला, मेंढरं त्या साली गेली. दोन लेकरं घेऊन ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसायची. सरकारी मिलो ज्वारीची लालसर भाकरी मिळेल तेवढी तिघांत. धाकटी तानी त्या उन्हाळ्यात गेली. ताप नाही, खोकला नाही, नुसती हलकी होत होत गेली. तानीला मूठमाती देऊन आल्यावर मायाक्कानं तेरा वर्षांच्या हरिबाचा दंड धरला तर तिचा अंगठा आणि बोट एकमेकांना लागलं. त्या दिवशी तिनं काय ठरवलं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. सोलापुरात आली, सासूचा बंद पडलेला गोठा शेणानं सारवला आणि कामाला लागली.

एडक्यांना भरवून झालं की हात धुवायचा आणि हरिबाला वाढायला बसायचं. ताट वेगळं, हात तोच. गरम भाकरी चुरून त्यावर वितळलेली चरबी. ती कासीम मुलाण्याच्या मटणाच्या दुकानातून यायची, दुसऱ्यांच्या जनावरांची. शेंगाची चटणी तेलात बुडालेली. गूळ-तूप. अंडी. पोरगा पुरे म्हणाला की ही आणखी एक घास हातात घेऊन बसायची आणि तोंडाशी धरायची. न्हाय म्हणू नगंस बाबा, एवढा एकच, म्हणायची. तो खायचा. त्यालाही तानी आठवत असणार.

पाचेक वर्षांत हरिबा दारातून आडवा शिरू लागला. मायाक्काला कोण अभिमान. गुरप्पाच्या पेंडीच्या दुकानात त्याला वजनकाट्यावर बसवलं होतं. बसून काम. पोती हमाल उचलायचे, हा काटा बघायचा. गुरप्पा लिंगायत, अक्कलकोटकडचा, जिभेवर कानडी आणि मराठी एकाच वेळी नांदायची. तो थट्टेनं म्हणायचा, यव्वा, तुझ्या पोराला काट्यावर बसवलाय का काट्यात, माझंच मला कळंना. मायाक्का हसायची. दृष्ट नको लावू सावकार, म्हणायची आणि संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची.

पहिल्यांदा तिला काय दिसलं असेल तर ती गळ्याभोवतीची रेघ. उन्हाळ्याचे दिवस, हरिबा उघडा बसून अंघोळ करत होता, ही पाठ चोळायला गेली. मानेवर, मागून पुढं येणारी, दोन बोटं रुंद काळी पट्टी. मळ म्हणून तिनं वजरीनं घासली. निघेना. राख लावली, लिंबू चोळलं. कातडी लाल झाली, पट्टी होती तशी राहिली, हाताला मऊ, जाडसर. हरिबा कळवळून म्हणाला, आये, सोड की. तिनं सोडलं. पण हात धुताना तिच्या ध्यानात आलं की ही पट्टी तिनं पाहिलेली आहे. बरेच महिने दाव्याला बांधलेल्या जनावराच्या मानेवर, केस झडून, नेमकी तिथंच आणि तेवढीच रुंद असते.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

मग पोरगा दिवसा पेंगायला लागला. काट्यावर बसल्या बसल्या मान खाली जायची. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा, सारखा बाहेर जायचा. उजव्या कुशीत बरगडीखाली जड वाटतंय म्हणायचा, दगड ठेवल्यागत. मायाक्काला वाटलं अशक्तपणा. तिनं तूप वाढवलं. आसपासच्या बायकांना वाटलं दारू. पोरगा गुत्त्यावर जातो, म्हणाल्या, नाहीतर जवान गडी असा झुलतोय कशानं. हरिबानं जन्मात थेंब घेतला नव्हता.

चैत्रातली दुपार होती. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता आणि त्यानंतरची शांतता अशी की पत्रा तापून कडकड वाजतो तेही ऐकू यावं. मायाक्का तेलाचा डबा घेऊन गोठ्यात शिरली. डोळे सरावायच्या आधीच तिला जाणवलं, चावण्याचा आवाज थांबलाय. सगळे एडके उभे होते आणि मागं बघत होते. मागच्या भिंतीशी कुणीतरी उभं होतं. आधी तिला वाटलं, थोरला एडका दावं तोडून गेला. मग तिला दोन पाय दिसले.

हरिबा होता. दोन्ही हात खाली सोडलेले, कपाळ भिंतीला टेकलेलं. त्या गुळगुळीत जागेला, नेमकं.

तिनं हाक मारली. तो हलला नाही. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. जवळ जाऊन दंडाला धरून मागं ओढला. तो निमूट मागं आला. डोळे अर्धे उघडे. डोकं जड झालंय आये, म्हणाला, भिंत गार लागती. एवढंच. आणि जाऊन बाजेवर पडला.

पण पडद्याबाहेर एक माणूस उभा होता, एडका बघायला आलेला. त्यानं सारं पाहिलं होतं. पायातलं पायताण काढून त्यानं गोठ्याला हात जोडले आणि आल्या पावली परत गेला. तीन दिवसांत देगावपर्यंत बातमी पोचली. मायाक्काच्या पोराला देवानं बघितलं. लोक दुकानात यायचे, पेंड घ्यायचे आणि हरिबाकडं असं बघायचे की जत्रा जवळ आली असावी. एका म्हातारीनं तर त्याच्या कपाळाला भंडारा लावला.

मायाक्काला माहीत होतं, भिंतीशी लागलेलं जनावर घरात किती दिवस राहतं.

तिनं भंडारा उधळला. माझ्या सोताचा थोरला एडका घे, म्हणून बिरोबाला बोलली, ह्याला सोड. पण गुरप्पा तेवढ्यावर थांबला नाही. त्याचा काटेवाला दुकानात बसल्या बसल्या झोपत होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा हरिबावर जीवही होता. त्यानं टांगा करून मायलेकांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरणा होता, चष्मेवाला. त्यानं हरिबाला झोपवून बरगडीखाली बोटं रुतवली, श्वास घे म्हणाला, पुन्हा घे म्हणाला. दारू किती पितोस म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मायाक्का उसळली, तुमच्या घरात पितात का हो, म्हणाली. गुरप्पानं जीभ चावली. डॉक्टर मात्र हसला आणि मग विचारलं, बरं, खातो काय?

ते तिनं सांगितलं. अभिमानानंच सांगितलं. सांगताना डॉक्टरचा चेहरा बदलत गेला. लघवी तपासून आली, तीत साखर उतरत होती.

डॉक्टरनं तिला समोर बसवून समजावलं. काळीज, म्हणजे लिव्हर, बरगडीच्या आत असायला हवं, ह्याचं चार बोटं खाली आलंय. खाल्लेलं तूप-तेल-गूळ अंगाला लागायला अंग हलावं लागतं. हा बसून असतो. खर्च होत नाही ते सगळं चरबी होऊन आधी अंगावर आणि मग लिव्हरमध्ये साठतं. मग अंगाला साखर पचेनाशी होते. मानेवरची काळी पट्टी त्याचीच खूण, मळ नाही. तिनं विचारलं, पुढं काय हुतं?

"पुढं लिव्हर कडक होत जातं, आक्रसतं," डॉक्टर म्हणाला. "रक्तातली घाण काढायचं काम त्याचं. ते थांबलं की घाण डोक्यात चढते. माणूस खाणं सोडतो, भ्रमतो. हाक मारली तरी कळत नाही त्याला."

मायाक्का उठून उभी राहिली. डॉक्टरनं घाईनं सांगितलं की हा अजून तिथवर गेलेला नाही, लिव्हर सोशिक असतं, वेळेत ओझं उतरलं तर पुन्हा सुधारतं. गोळी नाही ह्याला. तूप, चरबी, गूळ बंद, चालणं रोज. पण तिला त्यातलं काही ऐकू गेलं नसावं. बाहेर आल्यावर ती गुरप्पाला म्हणाली की डॉक्टरला काय कळतंय. खाऊन कधी कुणी मेलंय व्हय? न खाऊन मरतात, ते मी बघितलंय.

तरी रात्री तिनं हरिबाला वाढलं तेव्हा चरबीची वाटी हातात तशीच राहिली. मग ओतली. थोडी कमी.

नवसाचा थोरला एडका द्यायचा दिवस ठरला. कासीम मुलाणी सुरी घेऊन आला. म्हातारा माणूस, तिच्या गोठ्यातली जनावरं वर्षानुवर्षं त्यानंच कापलेली. रीतीप्रमाणं मायाक्कानं पाठ करून घराकडं चालू लागायचं. ती गेली नाही. लिंबाखाली उभी राहिली. कासीम म्हणाला, आक्का, तुमी जाव. ती म्हणाली, मला काळीज बघायचंय.

कासीमनं सुरी खाली ठेवली. असं नक्को, म्हणाला, रीत हाय तुमची. तिनं मान हलवली. तेव्हा सुरी उचलून तो कामाला लागला.

पोट उघडल्यावर त्यानं दोन्ही हातांनी ते बाहेर काढलं आणि परातीत ठेवलं. मायाक्काला आधी वाटलं, हे काळीज नव्हेच. पिवळट, फिकं, फुगलेलं, कडा गोल झालेल्या. परात भरून. ओल्या मातीच्या गोळ्यासारखं परातीत बसलं. तिनं बोट लावलं तर बोट आत गेलं आणि खळगा तसाच राहिला. बोटाला रक्त कमी, तेल जास्त. उन्हात ते चकाकत होतं.

"तुमच्या गोठ्यातलं सगळं असंच निकलतंय," कासीम खाली बघत म्हणाला. "लोकां खुश होतेत, मक्खन सरीका म्हणतेत. मी कधी खाल्लो नाही आक्का. भीती वाटती."

त्याच्या सायकलला दुसऱ्या एका पिशवीत सकाळचं काळीज होतं, कुरणात चरणाऱ्या मेंढराचं. तिनं तेही मागितलं. ते लहान होतं, तांबडंकाळं, धारदार कडेचं, हातात धरलं तर जिवंत माशासारखं ताठ. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ती बसली. माश्या आल्या तरी उठली नाही. तिनं बोट लावलेला खळगा भरून आला नव्हता. आपल्या पोराच्या उजव्या कुशीत हे बसलंय, आणि ते देवानं ठेवलेलं नाही, हे तिला कळलं. इतकी वर्षं भिंतीशी लागलेली जनावरं देवाची म्हणून पाठवली. देवानं त्यातलं एकही बघितलं नसणार.

ती गोठ्यात आली. बाकीचे एडके भुकेले होते. सवयीनं तिनं गोळा वळायला घेतला. डोकं जागेवर नव्हतं, हात आपले चालत होते. गोळा झाला, तिनं हात वर केला. समोरच्या एडक्यानं तोंड उघडलं. त्याच्या पलीकडच्यानं उघडलं. आणि कोपऱ्यात, पोत्यावर, तो आल्याचं तिला कळलंही नव्हतं असा हरिबा बसला होता. गारव्याला आलेला. त्याची नजर तिच्या हातावर होती. डोळ्यांत भूक नव्हती, काहीच नव्हतं. त्याचं तोंड उघडलं होतं.

त्याला ते ठाऊक नव्हतं. तिनं हात खाली नेला तसं तोंड मिटलं.

मायाक्कानं गोळा जमिनीवर टाकला, पायानं मातीत मिसळला आणि सगळ्या एडक्यांची दावी कापली. जनावरं हलेनात. पडदा वर केलेला, दावी सुटलेली, तरी जागेवर उभी. एकेकाला तिनं शिंगाला धरून उन्हात ओढून काढलं आणि ज्याचा त्याला परत न्यायला सांगितलं.

तिचा भाऊ धुळाप्पा मेंढरं घेऊन दरसाल त्या बाजूनं जायचा. शेतात मेंढरं बसवत, खत देत, मजल दरमजल. त्याला निरोप गेला. तो आला, भाच्याकडं बघून म्हणाला, आक्का, ह्यो मैलभर तरी चालंल का? तिनं सांगितलं, चालला न्हाय तर हितंच मरंल. त्याला तुमी खाता तेच द्या. आंबील, भाकरी, मिरची. आणि मला वाटेत कुटं भेटवू नगंस, माझा हात माझ्या ताब्यात न्हाय. हरिबा गेला तेव्हा ती घरात कडी लावून बसली होती. बाहेरून त्यानं आये, आये म्हणून हाका मारल्या. भूक लागल्याचं सांगितलं. सहा वर्षांत त्याला भूक लागल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. तिनं कडीवर दोन्ही हात दाबून धरले.

गोठा तिनं पुन्हा सारवला नाही. गुरप्पाकडं पेंडीची पोती शिवायला जाऊ लागली. लोकांनी मधे बऱ्याच गोष्टी केल्या. कुणी म्हणे हरिबा गेला आणि तिनं लपवलं. कुणी म्हणे दुपारी त्या रिकाम्या गोठ्यातून चावण्याचा आवाज येतो. तिला विचारलं तर ती व्हय म्हणायची; मलाबी येतो, म्हणायची, आणि सुईत दोरा ओवायची.

पाऊस संपून ज्वाऱ्या कमरेला आल्या तेव्हा धुळाप्पाचा तळ जवळच्या एका रानात पडल्याचं कळलं. न भेटण्याचं तिनंच सांगितलेलं. तरी सकाळी उठून गेली, हात रिकामे घेऊन. पोचली तोवर तळ उठला होता. कळप बांधावरून उतरत होता, धुळीचा लोट, त्यात घोंगडी घेतलेली चारपाच माणसं. ती ओळखायला बघत होती. ह्या अंगाचा की त्या अंगाचा? सगळी सारखीच, वाळकी, लांब ढांगांची. आपलं पोर त्यांत नाहीच असं तिला वाटलं. तिथंच उभं राहून तिनं हाक मारली.

सगळा कळप थांबला. शेकडो डोकी एकदम वळली आणि पिवळ्या डोळ्यांनी तिच्याकडं बघत राहिली. एकही मेंढरू ओरडलं नाही. वाराही नव्हता. त्या सगळ्या डोळ्यांच्या पलीकडं एक वाळका माणूस वळला. मान लांब झालेली, गळ्यावरची रेघ एवढ्या लांबून असली तरी दिसणार नव्हती. त्यानं काठी वर केली.

तो तिच्याकडं निघेल असं क्षणभर तिला वाटलं. तिची उजवी मूठ आपोआप वळली होती, आत काही नसताना. तिनं ती पदरात घातली.

हरिबानं कळपाकडं तोंड केलं, जिभेनं टाळू वाजवला. डोकी एकेक करून वळली आणि मेंढरं चालायला लागली, त्यांच्यामागं तो. चालण्यात घाई नव्हती. धूळ खाली बसायला लागली तशी मायाक्का बांधावर बसली. दुसरी हाक तिनं मारली नाही.